चंद्रा म्हशीच्या फोटोची काच

‘‘पोरी, मी पाडव्याला सकाळी येतो. तवर चंद्राच्या फोटूला हात लावू नकोस. खिळा मी सवता ठोकलाय, त्यो पडायचा न्हाय. आन काचंचं काय काम निघालं तर काचवाल्याकडं द्यायचं. घरात काच कापत बसायचं न्हाय!’’

आमच्या आक्कांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, नेसरीला भावाकडे फराळ घेऊन निघताना जिन्यातून हे सांगितलं. चौदा दिवस मी मोबाइलवर बाटल्या कापून दिवे करायचे व्हिडिओ बघत होते, हे त्यांनी चष्म्याशिवाय हेरलं होतं.

मी हसले. हसायला नको होतं. वर म्हणाले, ‘‘आक्का, काळजी करू नका. मी एम.एस्सी. आहे!’’

ती एम.एस्सी. वनस्पतिशास्त्रातली आहे. पण तेवढ्या तपशिलात जायला जिन्यात वेळ कुठे असतो?

आता हा फोटो काय आहे ते सांगते. आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर देव नाहीत, निसर्गदृश्य नाही. तिथे एक म्हैस आहे. चंद्रा तिचं नाव. कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून मिरवतात, हे तुम्हाला माहीत असेलच. शिंगं रंगवायची, मोरपिसं बांधायची, गळ्यात कवड्यांच्या माळा घालायच्या आणि मोटरसायकलच्या मागे अशा ऐटीत पळवायच्या की नवरी मुलीनं बाजूला व्हावं. एका वर्षी आमच्या चंद्राचा पहिला नंबर आला. फोटोत तिच्या गळ्यात हात टाकून आक्का उभ्या आहेत आणि चक्क हसताहेत. त्यांच्या स्वतःच्या लग्नाच्या फोटोत त्या पोलिसांनी पकडून आणल्यासारख्या दिसतात. चंद्राच्या दुधावर आमच्या ह्यांचं शिक्षण झालं. दोन वर्षांपूर्वी ती गेली. तेव्हापासून दर पाडव्याला आक्का आधी त्या फोटोला ओवाळतात, मग आम्हाला. त्या फोटोची दुसरी प्रत कुठेही नाही.

माझं काय म्हणणं होतं? एवढंच, की त्या फोटोखाली आमचा धैर्यशील खेळतो. वय वर्षं पावणेदोन. मुलाचं नाव धैर्यशील ठेवलं, त्यात माझं सगळं धैर्य संपलं. टेबलाच्या कोपऱ्यांना मी स्पंज चिकटवलाय. खुर्च्यांच्या पायांत मोजे आहेत. आलेले पाहुणे विचारतात, ‘‘खुर्चीला थंडी वाजतीया व्हय?’’ अशा घरात एका खिळ्याच्या भरवशावर अख्खी म्हैस टांगलेली! मला झोप लागत नव्हती.

तर आक्कांची गाडी कोपऱ्यावरून वळली आणि मी स्टूल घेतलं. फोटो उतरवला. (खिळा हलवून बघितला. बुरुजासारखा होता.) फोटो सोफ्यावर आडवा ठेवला. धैर्यशीलचा हात लागू नये म्हणून त्यावर उशी ठेवली. उशी त्यानं ओढू नये म्हणून त्यावर चादर घातली. घरातली सगळ्यात सुरक्षित जागा तयार झाली. मग समाधानानं निःश्वास सोडला आणि त्याच जागेवर बसले.

कर्र!

आवाज ऐकून आमचे हे स्वयंपाकघरातून चकली खात आले. ह्यांचं नाव सम्राट. नाव सम्राट असलं तरी राज्य आक्कांचं आहे.

‘‘काय मोडलं?’’

‘‘चंद्रा.’’

त्यांच्या हातातली चकली पडली. चादर काढली, उशी काढली. फोटोला ओरखडासुद्धा नव्हता, पण काचेच्या मधोमध माझ्या वजनाचा पुरावा होता. कोळ्यानं जाळं विणावं तशी ती तडकली होती.

‘‘आता गं?’’ ह्यांचा आवाज चौथीतल्या मुलासारखा झाला. ‘‘आक्का पाडव्याला ताट घेऊन उभी ऱ्हाणार. मी काय सांगू? तुझी म्हैस बायकोनं दाबली म्हणून?’’

त्यांनी तीन फ्रेमवाल्यांना फोन लावले. पहिल्याचं दुकान भाऊबीजेनंतर उघडणार होतं. दुसरा म्हणाला, पोरगं गावाला गेलंय, आलं की बघू. तिसऱ्यानं फोन उचलून नुसतं ‘‘दिवाळीच्या शुभेच्छा!’’ म्हटलं आणि ठेवला. पाडवा दोन दिवसांवर होता.

तेव्हा मला आठवलं, माळ्यावर जुन्या शोकेसच्या सरकत्या काचा पडून आहेत. दोन! चांगल्या मोठ्या! त्यातून बारा बाय अठरा इंचांचा तुकडा कापला की झालं.

‘‘एका रेघेचं काम आहे,’’ मी म्हणाले.

‘‘आक्का न्हाय म्हणालती.’’

‘‘आक्कांनी व्हिडिओ बघितलेत का? मी चौदा दिवस बघतेय.’’

मी हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदार काका स्टुलावर बसून कानात काडी घालत होते.

‘‘काच कापायचं कटर द्या.’’

‘‘कुणाला पायजे?’’

‘‘मला.’’

त्यांनी काडी बाहेर काढली. ‘‘धनी कुठं हायत?’’

‘‘घरी आहेत. चकल्या खाताहेत.’’

‘‘बरं हाय.’’ त्यांनी पेनासारखं एक कटर काढून दिलं. टोकाला तिळाएवढं चाक होतं. ‘‘हे बघा ताई. चाकाला तेल लावायचं. पट्टी धरायची. ह्या टोकापासनं त्या टोकापतुर एकच रेघ. चर्रर्र असा आवाज आला की समजायचं, झालं. मग रेघ टेबलाच्या कडंवर घ्यायची आन कटकन मोडायची. दुसऱ्यांदा रेघंवर फिरवायचं न्हाय. फिरवलं की काच रुसती.’’

मी मान डोलावली. पण मनात म्हटलं, एकदाच? महत्त्वाच्या ओळीखाली मी आयुष्यात कधी एकच रेघ मारलेली नाही. पदवीपर्यंत तीन रंगांत अधोरेखित करूनच मी पहिली आले होते!

दुसऱ्या दिवशी दुपारची तीनची वेळ ठरवली. धैर्यशीलला खालच्या मजल्यावर क्रांतीवहिनींकडे सोडलं. दर दहा मिनिटांनी फोन करीन म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘‘अगं, काच कापालीस का काळीज?’’ मी सगळी खबरदारी घेतली. ह्यांचं हेल्मेट, माझा रेनकोट, भांडी घासायचे रबरी हातमोजे, पायात गमबूट. आरशात बघितलं तर मी चंद्रावर निघाल्यासारखी दिसत होते. आकाशातल्या.

आणि मग मी ते केलं, ज्यानं सगळा घोटाळा झाला. आमच्या इमारतीच्या ग्रुपवर संदेश टाकला: ‘सर्वांना कळकळीची विनंती. आज दुपारी तीन ते चार कुणीही तिसऱ्या मजल्यावर येऊ नये. लहान मुलांना घरात ठेवावे. दारे लावून घ्यावीत. घाबरू नये. — संयोगिता.’

मला सांगा, ह्यात चूक काय आहे? एखादं पोर जिन्यात खेळत आलं आणि काचेचा कण उडाला तर? पण कोल्हापूरच्या माणसाला ‘येऊ नये’ म्हणणं म्हणजे हळदी-कुंकू लावून आमंत्रण देणं, हे मी शेजारच्या कागलची मुलगी असून विसरले.

आत काम सुरू झालं. तडकलेली काच काढून चंद्राचा फोटो जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला ठेवला, दुसऱ्या टोकाला माळ्यावरची एक काच. चाकाला खोबरेल लावलं. पट्टी धरली. रेघ मारली. चर्रर्र! काय सुंदर आवाज! मग खात्रीसाठी पुन्हा एकदा. मग जरा दाबून. मग उलट्या दिशेनं. पाचव्या वेळी काचेवर रेघ नव्हती, नांगरट होती. कडेवर घेऊन मोडली. काच रेघेपर्यंत आली, रेघेकडे बघितलं आणि नेसरीच्या घाटासारखी वळणं घेत भलतीकडेच निघून गेली.

खळ्ळ!

घाबरले नाही. दुसरी रीत होतीच. सुतळी स्पिरिटमध्ये भिजवायची, काचेला गुंडाळायची, पेटवायची, आणि तापली की गार पाण्यात बुडवायची. ही रीत बाटल्यांची आहे, सपाट काचेची नाही, असा एक विचार आला होता. पण वनस्पतिशास्त्रानं तो बाजूला सारला. स्पिरिट नव्हतं, म्हणून नेलपॉलिश काढायचं पाणी घेतलं. उरलेल्या मोठ्या तुकड्याला सुतळी बांधली, काडी लावली. निळी ज्योत काचेभोवती गोल पळाली. मला स्वतःचा अभिमान वाटला. मग तो तुकडा बादलीत सोडला.

काच अगदी बरोबर तुटली. फक्त सुतळी होती ती जागा सोडून सगळीकडे तुटली.

इकडे बाहेर काय चाललं होतं? हे मला नंतर कळलं. आमचे हे जिन्यात उभं राहून मित्राशी फोनवर बोलत होते. ‘‘व्हय रं, म्हशीनं घोळ केलाय. काच फुटलीया. बायको एकटीच आत हाय, हेल्मेट घालून झुंजालीया. मला आत येऊ देईना.’’

एवढं बोलून हे फोन कानाला लावूनच कोपऱ्यापर्यंत निघून गेले, पण तेवढं पहिल्या मजल्यावरच्या हंबीररावांनी ऐकलं. हंबीरराव आमच्या इमारतीचे सेक्रेटरी. निवृत्त झाल्यापासून ते रोज एका संकटाची वाट बघत असतात. त्यांच्या हातात माझा संदेश होता. मुलांना घरात ठेवा. दारं लावा. म्हशीसारखं काहीतरी. काच फुटलीय. तेवढ्यात वरून खळ्ळ असा आवाज आला. हंबीररावांनी दोन अधिक दोन केले आणि उत्तर बावीस आलं.

‘‘गवा!’’ ते ओरडले. ‘‘तिसऱ्या मजल्यावर गवा शिरलाय!’’

आमच्याकडे गावात गवा आल्याची आवई अधूनमधून उठते आणि ती उठली की अख्खं कोल्हापूर जेवणावरून उठतं. पण तिसऱ्या मजल्यावर? कुणीतरी शंका काढलीच.

‘‘गवा जिना चढंल का ओ?’’

‘‘मग काय करंल? लिफ्ट बंद हाय की चार दिवस!’’ हंबीरराव म्हणाले.

दहा मिनिटांत गल्ली भरली. पोरं कंपाउंडवर चढली. समोरच्या गच्चीवर बायका निम्म्या करंज्या तळायच्या टाकून आल्या. एक भडंगवाला गाडा घेऊन आला. कुणी शेपूट बघितली होती, कुणी शिंगं. एका आजोबांनी तर त्याचा डोळा बघितला, ‘‘लालभडक, ब्रेकच्या दिव्यागत!’’ वनखात्याला फोन गेला. आणि आमच्याच इमारतीतल्या कुणीतरी मोठ्या आपुलकीनं नेसरीलाही फोन लावला: ‘‘आक्का, तुमच्या घरात गवा शिरलाय. सून आत एकटी हाय.’’

आत मी तिसऱ्या रीतीवर आले होते. काच पाण्याखाली धरून कात्रीनं कापायची. कागदासारखी कापते म्हणे. टबात पाणी घेतलं, हेल्मेटची काच वर केली आणि कापू लागले. कापली जात होती! म्हणजे कडेकडेनं झिजत होती. बारा बाय अठराचं बोलणं संपलं होतं. आता दहा बाय बारा. मग सहा बाय आठ. शेवटी हातात पोस्टकार्डाएवढा तुकडा राहिला. त्यात चंद्राचं एक शिंग मावलं असतं. रागानं तो बादलीत आपटला.

फाटकन आवाज झाला आणि बाहेरून शंभर माणसं एकदम ओरडली, ‘‘हाणली! धडक हाणली!’’

मी दचकले. धैर्यशील! तशीच धावले आणि दार उघडलं. अंगात रेनकोट, डोक्यावर हेल्मेट, हातात कात्री, आणि मागून जळक्या सुतळीचा धूर.

जिन्यातली गर्दी एक मजला मागे सरकली. हंबीरराव पायरीवर बसले. म्हणजे बसले असं ते म्हणतात.

‘‘धैर्यशील कुठाय?’’

‘‘माझ्याजवळ हाय गं!’’ खालून क्रांतीवहिनी ओरडल्या. ‘‘भडंग खातोय!’’

‘‘तिखट आहे का?’’ मी ओरडले.

‘‘वैनी!’’ हंबीरराव दबक्या आवाजात म्हणाले. ‘‘जनावर कुठं हाय?’’

जनावर? मला वाटलं, ह्यांनी चंद्राच्या फोटोचं सगळ्यांना सांगितलं. माझं तोंड उतरलं.

‘‘टेबलावर,’’ मी म्हणाले.

हंबीररावांनी कठडा पकडला.

‘‘टेबलावर चढलंय?’’

‘‘मीच ठेवलंय.’’

‘‘मीच ठेवलंय!’’ ही बातमी पायरीपायरीनं खाली गल्लीपर्यंत गेली. तिथून एक शिट्टी आली.

‘‘आन... जिवंत हाय का?’’

‘‘छे हो, दोन वर्षं झाली जाऊन.’’

हंबीररावांनी हळूच माझ्या हातातल्या कात्रीकडे बघितलं आणि एक पायरी आणखी खाली बसले. ‘‘दोन वर्षं घरातच ठेवलंया,’’ ते मागे वळून कुजबुजले.

शेवटी वनखात्याचे दोघे जाळी घेऊन आत आले. त्यांनी टेबलावरचा फोटो बघितला. बादली बघितली. मला बघितलं. त्यातला मोठा माणूस शांतपणे म्हणाला, ‘‘ताई, हे आमच्यात बसत न्हाय.’’ आणि जाळी गुंडाळून निघून गेला. गल्लीची एवढी निराशा गेल्या कित्येक वर्षांत झाली नसेल. भडंगवाला मात्र आजही मला बघून नमस्कार करतो.

गर्दी पांगेपर्यंत सहा वाजले. मी सोफ्यावर बसले, आधी जागा चाचपून. हे शेजारी बसले. टेबलावर चंद्रा, उघडी. आक्कांचा हसरा चेहरा, उघडा. मला एकच विचार छळत होता. उद्या सकाळी आक्का ताट घेऊन उभ्या राहतील, हा फोटो बघतील आणि काहीच बोलणार नाहीत. रागावल्या तर सोसेन. पण त्या गप्प बसल्या तर?

तेवढ्यात खाली करकचून ब्रेक लागला.

आक्कांच्या भावाची, कृष्णातमामांची पिकअप. पुढे आक्का. मागे चार माणसं, दोर, काठ्या आणि वैरणीची एक पेंडी, गव्याला चुचकारायला. आक्का तीन मजले कशा चढल्या देव जाणे, लिफ्ट बंदच होती. दारात उभ्या राहिल्या. पदर खोचलेला, हातात काठी.

‘‘पोरगं कुठं हाय?’’

‘‘झोपलाय, आक्का. क्रांतीवहिनींकडे.’’

‘‘आन तू?’’ त्यांनी माझा हात ओढला, रबरी मोजा काढला आणि एकेक बोट उलटसुलट करून बघितलं. दहाही मोजली. मग काठी भिंतीला टेकवली. ‘‘जनावर?’’

मी टेबलाकडे बोट दाखवलं आणि रडायला लागले. हेल्मेटमध्ये रडणं फार वाईट. नाक पुसता येत नाही.

सगळं सांगितलं. उशी, चादर, सोफा, मी. पाच रेघा. सुतळी. कात्री. आक्का फोटोजवळ गेल्या. पदरानं पुसला. आमचे हे चकलीचा डबा छातीशी धरून उभे.

‘‘फोटूला कायबी झालं न्हाय,’’ आक्का म्हणाल्या. मग बेडरूममध्ये गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात आमच्या लग्नाचा फोटो होता. पालथा घातला, मागचे खिळे सुरीनं वाकवले, काच काढली आणि चंद्रावर ठेवली.

टच्च बसली. बोटभरही इकडेतिकडे नाही.

‘‘दोन्ही फ्रेमा एकाच दुकानातल्या की,’’ आक्का म्हणाल्या. ‘‘एकाच मापाच्या. तुमच्या लग्नात मीच आणलेल्या.’’

तीन वर्षं मी त्या फोटोखाली झोपतेय. रोज सकाळी बघतेय. एम.एस्सी.!

‘‘पण मग लग्नाच्या फोटोला काच?’’ आमच्या ह्यांनी विचारलं. नको तिथे तोंड उघडण्याचं शिक्षणही चंद्राच्याच दुधावर झालंय.

आक्कांनी माळ्यावरची दुसरी काच उतरवायला लावली. कटर हातात घेऊन बघितलं, पेन बघावं तसं. ‘‘कसं करत्यात?’’

‘‘दुकानदार म्हणाले, एकच रेघ. दुसऱ्यांदा फिरवायचं नाही.’’

‘‘मग तू पाच का मारलीस?’’

मी हेल्मेटची काच खाली ओढली.

आक्कांनी पट्टी धरली. एक रेघ. चर्रर्र. काच कडेवर घेतली आणि भाकरी मोडावी तशी दोन हातांनी मोडली. कटक! सरळ. सुतासारखी. त्यांनी त्या कडेकडे बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. ते हसू मी ओळखलं. फोटोत चंद्राच्या गळ्यात हात टाकलेला असताना जे आहे ना, तेच.

लग्नाच्या फोटोचं माप झालं, तरी त्यांनी आणखी एक पट्टी कापली. मग आणखी एक. ‘‘अजून काय कापायचं हाय का?’’ शोकेसची काच संपली. त्यांची नजर स्वयंपाकघराच्या खिडकीकडे गेली, तेव्हा मी आडवी उभी राहिले.

पाडवा छान झाला. आधी चंद्राला ओवाळलं, मग आम्हाला. आणि जेवण झाल्या झाल्या आक्का पिकअपमध्ये चढल्या. ‘‘कृष्णाच्या गोठ्याच्या खिडक्या लई वरसं तशाच हायत. दोन दिवसांत करून येतो.’’ कटर त्यांनी कमरेला खोवलं होतं, कोयता खोवतात तसं.

मी धावत खाली गेले. ‘‘आक्का, हातमोजे! हेल्मेट तरी न्या! काचेचं काम काचवाल्याला द्यायचं, घरात कापायचं नाही, तुम्हीच म्हणालात ना?’’

आक्का हसल्या. ‘‘काळजी करू नको गं. मी सातवी पास हाय!’’

आज सहा दिवस झाले. आक्का फोन उचलत नाहीत. काल मामांनी उचलला, पण मागून सारखा कटक, कटक असा आवाज येत होता आणि मामा फार हळू बोलत होते. म्हणाले, ‘‘गोठा झाला. शाळा झाली. आता देवळाचं बघालीया.’’

तर वाचकहो, तुमच्यापैकी कुणी नेसरीकडे असाल, तर एवढं करा. कृष्णातमामांचा गोठा विचारला की कुणीही सांगेल. जरा डोकावून आमच्या आक्का बऱ्या आहेत का, दहा बोटं जागेवर आहेत का, तेवढं बघून मला कळवा. लांबूनच बघा. आणि तिथे गर्दी दिसली, काच फुटल्याचा आवाज आला, तर कृपा करून गवा समजू नका. हंबीररावांना तर अजिबात कळवू नका.